दुसरा डोळाही जाड

पेणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली. गणपतींचा हंगाम तोंडावर होता, आमच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालू होती, आणि हातात कुंचला असताना बाबा कोणासाठीच उठत नसत. नववीत शाळा सोडल्यापासून मीही त्यांच्याशेजारी बसून डोळेच आखत होतो. निघताना पाया पडायला वाकलो तर बाबा म्हणाले, "लांबूनच कर, डोक्याला रंग लागंल."

मामा मँचेस्टरला ड्रायव्हर. त्याच्या ओळखीनं हार्प बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपात चिकटलो. हार्प म्हणजे माणसाहून उंच, सत्तेचाळीस तारांचं वाद्य. त्याच्या लाकडावर मी सोनेरी वेलबुट्टी काढायचो. तारा सुरात लावायला मार्गारेटबाई यायच्या. त्यांनी एकदा माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि शिफ्ट संपल्यावर मला शिकायला बसवलं. नऊ वर्षं शिकवलं. का, ते अजून विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

पुढे ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. तिथं शंभर-शंभर मात्रा गप्प बसायचं आणि मग चारच सूर छेडायचे. ते चुकले की चुकलेच. दर कार्यक्रमाआधी वाटायचं, आज कोणीतरी दहावीचं सर्टिफिकेट मागणार. तिसऱ्या वर्षी काँट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढलं नाही. वर्कशॉप तोवर बंद झालं होतं. एका जॅझ ग्रुपला हार्पवाला हवा होता, एवढंच उरलं. ते हुकलं असतं तर सरळ पेण.

ट्रायलला तिसऱ्याच मिनिटाला पाय चुकीच्या पेडलवर पडला. पेडल बदललं की तारेचा सूर बदलतो. भलताच सूर वाजला. हात थांबणार, तेवढ्यात कारखाना आठवला. एकदा गणपतीचा एक डोळा माझ्या हातून जाड झाला होता आणि मी फडकं उचललं होतं. बाबा ओरडले होते, "पुसू नको रे! पुसलंस की सगळा चेहरा मळतो. दुसरा पण तेवढाच जाड कर."

मी तोच भलता सूर पुन्हा वाजवला. मुद्दाम, जरा जोरात. मग तिसऱ्यांदा. ग्रुपमधला बास गिटारवाला हसला आणि त्यानं तोच सूर उचलून वाजवला.

बाबांना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आधी हार्पकडेच बघत बसले. "एवढ्या तारा! कपडे वाळत घालतोस काय त्यांच्यावर?"

मागून आई, "जेवलास काय रे?"

"मग, ठेवला तुला?" बाबांनी विचारलं.

"व्हय."

बाबा म्हणाले, "तो जाड डोळ्यांचा गणपती रोह्याला गेलेला. ते गिऱ्हाईक अजून दर साली तसलेच डोळे मागतं. दुसरे चालत नाय. मीच आखतो आता, तुझ्यासारखे."

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, तुमचं मला माहीत नाही. मला घर म्हटलं की हल्ली आमच्या दाराआधी रोह्यातलं ते घर आठवतं. मी ते कधी पाहिलेलं नाही. तिथं दर भाद्रपदात माझी चूक पाटावर बसते, आणि घरातले सगळे तिच्यापुढे हात जोडून उभे राहतात.