सप्लाय बंद केल्यावर

आमचे गाइड सर म्हणजे एक प्रकरणच होतं. बॅटरी चार्ज होताना तिच्या आत काय घडतं, ते घडत असतानाच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. यंत्र दुसऱ्या शहरात. दोन दिवस मी खुर्चीला चिकटून बसले, तेव्हा कुठे इलेक्ट्रोडच्या कडेतून लिथियमची एक सुई हळूहळू वाढताना दिसली, रेकॉर्डही झाली. सर त्या वेळी हॉटेलात आंघोळ करत होते.

पण जबलपुरात परतेपर्यंत ती क्लिप त्यांची झाली होती. नेपियर टाउनमध्ये दाताच्या डॉक्टरकडे त्यांना माझ्याच स्कूटरवरून नेलं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं: त्यांनी दाताआधी मोबाइल दाखवला. तोंडात कापूस कोंबलेला असतानाही त्यांचं चालूच, "इतना साफ किसी ने नहीं देखा!" लाज म्हणून नाही माणसाला.

पुढच्या खेपेला मी एक साधी गोष्ट केली. बॅटरीची वायर काढली आणि मायक्रोस्कोपचा इलेक्ट्रॉनांचा झोत तेवढा चालू ठेवला. सुई उगवली. तश्शीच. म्हणजे चार्जिंग नसतानाही तो झोतच तिला घडवत होता. आम्ही बघत होतो, म्हणून ती वाढत होती.

सरांनी ही दुसरी क्लिप पाहिली, चष्मा पुसला. "बेटा, थीसिस जमा करना है ना?" एवढंच म्हणाले. मला त्यांची किळस आली. क्लिप मी डिलीट केली.

व्हायव्हाला बाबा आले होते. विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. इंग्रजी सगळं डोक्यावरून गेलं, पण पडद्यावरची सुई ते टक लावून पाहत होते. परीक्षकांनी माझं कौतुक केलं, शाकाहारी जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारलं, आणि मी डॉक्टर झाले. इतके स्वस्त परीक्षक मी पुन्हा पाहिले नाहीत.

चेरीतालला घरी परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "अच्छा, एक सांग. सप्लाय बंद करून पाह्यलं होतं का तुम्ही? मी आपलं विचारून राहिलो."

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"पाहिलं ना बाबा. काही नाही झालं."

"मंग ठीक आहे." ते खुशीत पुढे वाकले. "भैया, बिटिया डॉक्टर हो गई."

सरांचा विषय निघाला की मी आजही तोंडसुख घेते. पण बाबांशी खोटं बोलले ते सर नव्हते.