वाफ बंद पडली तेव्हा

रोह्याच्या कंपनीत हवेतला ओलावा राखणारं वाफेचं यंत्र माझ्याकडे होतं. बायको वारल्यावर पंधरा दिवसांनी कामावर गेलो, तर वाफ बंद. माझ्या जागी आलेल्या फिटरने आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी जोडलं होतं.

"साहेब, ह्यात तापणारी कॉइल नाय," मी म्हणालो. "ह्या पट्टीकडून त्या पट्टीकडे वीज पाण्यातूनच जाते, म्हणून पाणी उकळतं. पाण्यात क्षारच नसले तर वीज जाणार कशी?"

नळाचं पाणी जोडलं. हळूहळू वाफ धरली आणि डक्टमधल्या हवेत मिसळू लागली. साहेबांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी गाडीने गावी, कासूला उतरलो. घराचं कुलूप काढलं आणि हे सगळं सांगायला तोंड उघडलं. मग तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो.