आसगावातल्या समुद्राच्या बाटल्या

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या राइस मिलमध्ये पोती मोजत होतो. ऐकलं आणि खाली बसलो. लगेच मनात आलं, बाटल्या... चुलत बहीण गेली आणि मला बाटल्या आठवल्या, याची लाज वाटली; पण भीती त्याहून मोठी होती. आमच्याकडे घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. रांजण, घागरी, सगळं ओतून टाकतात. आणि आसगावला ताईच्या खोलीत कपाटभर पाणीच होतं. काकूला फोन लावला, कोणी उचलला नाही. मोटारसायकल काढली आणि वाटेतल्या पवनीपर्यंत पुन्हा पुन्हा थांबून लावत राहिलो.

ताई नागपूरला प्राणिशास्त्र शिकली आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत लागली. काम निवृत्तीपर्यंत एकच. दर महिन्याला बोटीने समुद्रात त्याच ठिकाणी जायचं, तीच बारीक जाळी तितकाच वेळ ओढायची आणि आलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. प्लवक म्हणतात त्यांना. पाण्याबरोबर वाहणारे, नुसत्या डोळ्यांना धुळीसारखे. सुट्टीत घरी आली की काकू, म्हणजे तिची आई, विचारायची, "एवढी शिकली न् पान्यातला कचराच मोजते काय वं?" ताई हसायची. "तोच कचरा खाऊन मासोया जगतेत, माय."

शेवटच्या काही वर्षांत ती हसेनाशी झाली. धानाच्या बांधीत निघालेला साप काठीने उचलून पलीकडे टाकणारी ही बाई... निवृत्त होऊन घरी परतल्यावर एका दुपारी ती मला म्हणाली, "वरून पाह्यलं तर समुद्र तसाच हाय, बापू. पन जाळीत मोठाले जीव कमी न् जेलीसारखे जास्त येऊन रायले होते. मले आता भेव वाटते." संस्थेने जागा नाही म्हणून जुने नमुने टाकायला काढले होते, ते ती मागून घेऊन आली होती, बाटल्यांत, डोळ्यांना झोंबणाऱ्या औषधाच्या पाण्यात जपलेले. दुसरी एखादी प्रयोगशाळा ते घेईल का, याची चौकशी चालली होती. मी म्हणालो, आकडे तर लिहिलेले आहेत, मग बाटल्या कशाला? तिने मला समजेल असंच सांगितलं.

"कोनी म्हनलं, तुमची मोजनी चुकली, तर गोदामातला माल दाखवाच लागते नं? माल नसला तर लोक म्हनतीन, समुद्र पह्यलेपासून असाच होता."

मी पोचलो तेव्हा अंगणात रांजण पालथे पडले होते. ताईला ओसरीवर ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या. तिच्या खोलीतून उग्र वास येत होता. आत मोरीपाशी काकू, पदर नाकाला लावून. वरच्या कप्प्यातली सगळी ओळ, सगळ्यात जुनी, रिकामी झाली होती. तिच्या हातातली बाटली मी धरली.

"सोड बापू," ती म्हणाली. "पानी भरलेलं रायलं तर पोरीचा जीव घरातच अडकन."

तीही घाबरलेलीच होती. डोळे लालबुंद होते. वास कळला नाही का, विचारलं.

"डोये चुरचुरत होते... मले वाटलं, रडून रडूनच चुरचुरून रायले."

तिला बाहेर आणलं. डोळे धुवायला पाणी मागितलं तर घरात थेंब नव्हता. शेजारून आणावं लागलं. त्या बाटल्या ओतल्याने ताईचं काय गेलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

उरलेल्या बाटल्या आता माझ्या घरी आहेत. एका प्रयोगशाळेने होकार दिला आहे, पण गाडी यायची आहे. तोवर रोज सकाळी मी झाकणं तपासतो आणि दरवेळी मला वाटतं, एखादी आटलेली सापडणार. रिकाम्या बाटल्याही आणल्या आहेत, ताईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट, त्यांच्या क्रमाने वरच्या फळीवर. परवा बायको फळी पुसत होती. रिकामी ओळ डोळ्यांना बरी दिसत नाही, म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"भरून ठेवते. कोनाले समजते?"

कोणालाच समजलं नसतं. मी तिच्या हातून तांब्या काढून घेतला.