पुंजारामचा कान

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या करणाऱ्या शेड पुष्कळ आहेत. पण सोमनाथशेठच्या शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "पुंजारामभाऊंनी वाजवली का?" वाजवली म्हणजे जुना बंदा रुपया घेऊन ठोकली. फायबरच्या थरांत हवा अडकली किंवा एखादा थर आतून सुटला, तर वरून काही दिसत नाही; टाकी आपली नवी कोरी, चकचकीत. रुपयाने ठोकत गेलं की भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द. मडकं घेताना बायका हेच करतात. फरक एवढाच, की मडकं फुटलं तर पाणी सांडतं आणि या टाक्यांत ॲसिड भरतात.

इगतपुरीकडच्या खेड्यातून, दहावी नापास होऊन आलेल्या पुंजारामला देवाने एवढी एकच चीज दिली होती, आणि ती मिरवण्यात त्याने कधी कसूर केली नाही. ग्राइंडर चालू असताना कानात बोळे घाला, असं शेठ ओरडून सांगायचा. हा घालायचा नाही. बोळे घातले तर कान असून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. तीस वर्षं त्याने ते तत्त्व पाळलं आणि तत्त्वाने कान खाल्ला.

कान गेल्याचं त्याला नवनाथमुळे कळलं. नवनाथ म्हणजे शेडमधलाच एक कामगार, पुढे नोकरी सोडून पुण्याला गेला. पुंजारामने एक टाकी ठोकून "झकास" म्हटलं आणि नवनाथने सहज चाळा म्हणून तीच जागा ठोकली. "भाऊ, हे बद्द वाजतंय ना?" पुंजारामने रुपया घेऊन पुन्हा ठोकलं. टक. शेजारी ठोकलं. टक. दोन्ही अगदी सारखे. "मी हेच म्हणणार व्हतो, तुझी परीक्षा पाहिली," असं म्हणून तो हसला आणि त्याने रुपया खिशात टाकला.

तेव्हापासून दोन वर्षं नाटक चालू होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! डोळे मिटून ठोकायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, बोटांनी चाचपायचं आणि जिथे रंग जरा पिवळट दिसेल तिथे खूण करायची. पुढे तर त्याला ती टकही ऐकू येईना; माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखू लागला. आरोग्य तपासणीची गाडी आली, तेव्हा आवाज आला की बटण दाब, असं तिथल्या मुलीने सांगितलं. याने यंत्रावरच्या तिच्या बोटांकडे पाहून बटण दाबलं आणि पास झाला. शेठ काही हाकलून देणार नव्हता. फार तर गेटवर खुर्ची दिली असती. पण त्या खुर्चीच्या विचारानेच पुंजारामला घाम फुटायचा. आणि खरं भय तर त्याहून मोठं होतं. टाकी ट्रकवर चढली की ट्रक गेटबाहेर जाईपर्यंत तो बघत राहायचा. रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो पेपर उघडायचा आणि कुठे टाकी फुटल्याची बातमी आहे का ते आधी पाहायचा. नसली की चहा घशाखाली उतरायचा.

अशा माणसाच्या दारात होडी यावी, हा नशिबाचा टवाळपणाच म्हणायचा.

होडी आणली त्याच्या मुलीने, वेदिकाने. गंगापूर धरणावरच्या एका क्लबात ती तिकिटाच्या खिडकीवर बसायची आणि येणाऱ्यांना लाइफ जॅकेट बांधून द्यायची. तिथल्या एका निवृत्त नौदलवाल्या सरांनी फावल्या वेळात तिला शिडाची होडी चालवायला शिकवलं आणि पोरगी पार वेडी झाली. दिंडोरी रोडच्या एका बागाईतदाराने कधीकाळी हौसेने घेतलेली होडी द्राक्षाच्या शेडमध्ये बारा वर्षं उलटी पडली होती. तिच्यावर क्रेट रचलेले, पोटात उंदरांचा संसार, शिडाची चाळण झालेली. वेदिकाने ती जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली आणि दिवाळीनंतरच्या रविवारी टेम्पोत घालून थेट शेठच्या शेडमध्ये आणली.

"पप्पा, तुम्ही फक्त वाजवून सांगा, कुठे पोकळ आहे. मी खडूने खुणा करते. बाकी आपण दोघं मिळून करू."

शेठलाही हुरूप आला. "पुंजारामभाऊंचा कान आहे म्हटल्यावर उद्या आपण बोटीसुद्धा बनवू!" म्हणाला आणि त्याने कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला, पंखे बंद केले, भाऊंना नीट ऐकू यावं म्हणून. सगळी शेड चिडीचूप झाली. ती शांतता आणि पुंजारामच्या कानातली शांतता यांत तसूभरही फरक नव्हता.

तो ठोकत गेला. तडे दिसले, फोड दिसले, तिथे तिथे त्याने "इथं" म्हटलं आणि वेदिकाने गोल काढले. मग तो तळाच्या मधोमध आला. शिडाच्या होडीला तळातून पाण्यात एक उभं पातं सोडतात, वाऱ्याने ती आडवी पडू नये म्हणून. त्या पात्यासाठी तळाला लांब खाच असते, आणि वारा भरला की सगळा जोर त्या खाचेवर येतो. एवढं वेदिकाने आदल्याच मिनिटाला समजावून सांगितलं होतं. त्याने खाचेच्या कडेने तीनदा ठोकलं. बोटांना धक्का लागला, कानाला काही नाही. वर पाहिलं, तर वेदिका खडू धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती, असल्या विश्वासाने, की त्याला पळून जावंसं वाटलं.

"घट्ट हाय," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांनी पुढचे दोन महिने त्याची झोप नेली. रविवार आला की दोघं कामाला लागायची. ती घासायची, तो फायबर चिकटवायचं रेझिन कालवायचा, हात चालत राहायचे आणि नजर राहून राहून त्या खाचेकडे जायची. एकदा त्याने भीत भीत सुचवलं, "तू बी वाजवून बघ की जरा." ती हसली, "मला कुठलं त्यातलं कळायला? तुम्ही आहात ना!" एकदा म्हणाला, तळ उकलून पाहू का. "कशाला? तुम्हीच म्हणालात ना घट्ट आहे?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, हा तर त्याने स्वतःच पाळलेला होता. शेवटी एके दुपारी वेदिका जेवायला गेली असताना त्याने खाचेच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या मॅटचे दोन जादा थर चढवले. भीतीपोटी केलेलं ते काम, आणि त्याच्या धंद्यात त्याहून वाईट काम नाही. आत कुजलेलं असेल तर ते त्याने आता झाकून टाकलं होतं. वरून पांढरा रंग लागला. होडी अशी देखणी झाली, की शेठने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी होडी धरणावर नेली. सरुबाईने, म्हणजे वेदिकाच्या आईने, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेठ सहकुटुंब आला होता. वारा चांगला होता. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. पुंजाराम काठावर उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सांग, आत्ता सांग, असं तो मनात म्हणत होता. पण शेठ मोबाइल धरून उभा, शेठची बायको उभी, सरुबाई नव्या लुगड्यात उभी.

तेवढ्यात वेदिका ओरडली, "पहिली फेरी पप्पांची!" आणि लाइफ जॅकेट घेऊन आली.

त्याला पोहता येत नव्हतं. तरीही त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ठीक आहे, काय व्हायचं ते माझंही होईल, पोरीला एकटीला नाही. हे धैर्य आहे असं त्याला तेव्हा वाटलं. ते धैर्य नव्हतं. सांगावं लागू नये म्हणून तो बसत होता.

होडी निघाली. वेदिका मागे सुकाणू धरून त्याच्या समोर बसली. काठ लांब गेला, माणसं बोटाएवढी झाली. मग शिडात वारा भरला, होडी एका अंगावर कलली आणि पुंजारामने बसायची फळी दोन्ही हातांनी आवळली. वेदिका हसत काहीतरी सांगत होती. त्याचं लक्ष नव्हतं. तो खाचेच्या बुडाकडे पाहत होता. तिथे पांढऱ्या रंगावर एक ओली रेघ होती. शिंतोडा असेल, म्हणून त्याने रुमालाने पुसली. रेघ परत आली. पुन्हा पुसली. या वेळी ती बोटभर रुंद होऊन आली, आणि फळीतून त्याच्या मांड्यांना एक कड्‌कन हिसका जाणवला.

"वेदू," तो म्हणाला. "ही जागा मी वाजवली तवा मला काय बी ऐकू आलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मला ऐकूच येत नाय. दोन वर्सं झाली. मी नुसतंच म्हनलं घट्ट हाय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने खाचेकडे पाहिलं. पाणी आता रेघेने नव्हे, धारेने येत होतं. तिच्या ओठांवरून त्याने शब्द वाचले. "घाबरू नका. बोट बुडत नाही. पुढे-मागे हवाबंद पेट्या असतात."

"त्या बी मीच वाजवल्यात."

त्यानंतर ती घाबरली. पुंजारामने तिला तशी कधी पाहिली नव्हती. लहानपणी ताप चढला की व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. पण हात थांबले नाहीत. तिने शीड सोडून खाली पाडलं, पातं वर ओढलं, त्याच्या हातात रंगाचा रिकामा डबा कोंबला आणि स्वतः वल्हं घेतलं. तो पाणी उपसू लागला. एक डबा काढला की दोन डबे आत यायचे. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. ते बर्फासारखं गार होतं. आपण मरू याचं त्याला काही वाटेना. पोरीच्या जॅकेटचा बंद नीट बसला आहे ना, एवढंच तो वळून वळून पाहत होता.

निम्म्या वाटेवर वल्हं न थांबवता ती म्हणाली, "तुम्ही मला यात बसवणार होतात?"

"बसवली की," तो म्हणाला. "तू एकटी निघाली असतीस, तरी मी काठावर गप उभा राह्यलो असतो."

तिने वल्हं आणखी जोराने मारलं.

पाणी फळीला लागलं तेव्हा काठ हाकेवर आला होता. शेठ पँट वर करून पाण्यात शिरला, दोघं-तिघं धावले आणि त्यांनी होडी ओढून घेतली. सरुबाई रडत होती. पुंजाराम बाहेर आला तो डबा हातात धरूनच. शेठने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या तोंडासमोर वाकून म्हणाला, "अहो, बारा वर्षं सडलेली बोट ती! गळायचीच. यात तुमची काय चूक?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुटका समोर आयती उभी होती. नुसतं "हो ना" म्हणायचं होतं. त्याने वेदिकाकडे पाहिलं. ती ओल्या वेणीतून पाणी पिळत होती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती आणि कुणाला काही सांगतही नव्हती. ते तिने त्याच्यावर सोडलं होतं. पुंजाराम इतका घाबरला, की मघाचं पाणी बरं वाटलं.

"शेठ, चूक माझीच हाय. मी बहिरा झालोय. दोन वर्सांत तुमची येक बी टाकी मी ऐकून पास केल्याली नाय."

शेठचा हात पाठीवरून निघाला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कुठल्या टाकीत काय भरलं आहे आणि तिच्याखाली कोण उभं असतं, हे त्यालाही दिसू लागलं असावं. तो काहीतरी बोलला. भराभर बोलला, मान वळवून. पुंजारामला त्यातला एक शब्द कळला नाही.

वेदिका त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे अजून रागाने लाल होते. ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली, "पप्पा, शेठ विचारताहेत, कुठल्या कुठल्या टाक्या? कुणाकडे गेल्यात?"

पुंजाराम तिथेच दगडावर बसला. "अंबडची निळी, झाकण डावीकडं असल्याली," त्याने सुरुवात केली. "सिन्नरच्या दोन उभ्या. मग गोंद्याची, गनपतीच्या आदल्या दिवशी गेलेली ती." शेठ मोबाइलवर टिपून घेऊ लागला. पुंजाराम एकेक सांगत गेला, रंग, माप, महिना, ट्रकवाल्याचं नावसुद्धा. दोन वर्षांत रोज रात्री त्याने त्या मोजल्या होत्या. एकही विसरला नव्हता.