किसनशेठच्या वजनाचे पाटे

माझा नातू दिनकर यानं खामगावच्या एका जिनिंगवाल्याच्या मळ्यातून जुनी विलायती मोटार उचलून आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. दोन दारांची, बुटकी, नाक पुढे काढलेली. जानेफळात ऑइल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या या पोरानं सहा महिने तिच्याखाली लोळून तिला अशी पळती केली की मेहकरची बस तिची धूळ खात मागं राही. पळणं ठीक होतं. पण मागचा भाग वळणावर लग्नातल्या करवलीसारखा डुले आणि खड्डा आला की उसळे.

त्याच उसळण्यानं घोटाळा केला. नांदुऱ्याचे धान्याचे व्यापारी किसनशेठ आपल्या सुलोचनेसाठी आमचं घर पाहायला या मोटारीतून आले. दिनकरला वेग दाखवायचा होता. नाल्याच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, मोटार उडाली, शेठजींचं डोकं टपाला लागलं आणि टोपी कानापर्यंत खाली गेली. घर न पाहताच ते म्हणाले, "मागच्या सीटवर धड बसून घाट चढलो, तर पोरगी देईन. नाही तर अकोल्याचं स्थळ तयार हाय." एवढं बोलून बसनं परत.

पोरानं दोन दिवस भाकर टाकली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आजी, मागच्या स्प्रिंगचे पाटे आन् शॉकअप बदलून आणतो. खामगावले चाल्लो."

मी म्हटलं, "मी बी येते. मागच्या सीटवर कोणाचं तरी हाड मोडून पाहावं लागंल ना."

असा हा प्रवास ठरला. कोणाला मोटारीनं या वाटेला जायचं असेल तर ऐकून ठेवा. जानेफळाहून खामगाव म्हणजे घाटावरून घाटाखाली उतरणं. रस्ता खडीचा, पूल कमी आणि फरश्या जास्त. सकाळी लवकर निघा, तोंडाला पदर बांधा, पाण्याची सुरई मांडीवर धरा. सीटवर ठेवलीत तर ती आधी पोचेल. घाटात वळणं मोजू नका, पोटात ढवळतं. खाली उतरलं की हवा बदलते, काळी जमीन सुरू होते आणि दोन्ही बाजूंना कपाशी. आम्ही उतरताना मोटारीचं ढुंगण प्रत्येक वळणावर वेगळीकडे जायला निघे आणि दिनकर दर वेळी म्हणे, "पाह्यलं? शॉकअप गेले." जसं काही मी आंधळी होते.

खामगावात सरकीच्या तेलाचा वास लागला की समजा गाव आलं. चहा दहा पैशांत मिळतो, आलूबोंडा गरम असेल तरच घ्या. आम्ही थेट तुळशीराम मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस फौजेत मोटारी दुरुस्त करून आलेला. बोलणं थोडं, हात काळे, आणि गिऱ्हाइकाच्या थोरपणाची काडीची पर्वा नाही.

त्यानं मोटारीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "पाटे बसले हायत. सपाट झाले. शॉकअपात तेलाचा थेंब नाही. तीन रस्ते हायत. हेच पाटे लोहाराकडून तापवून वाकवून घे, चार महिने चालतीन. ट्रकचे कापून टाक, मंग जिंदगीभर बैलगाडीत बसल्यासारखं वाटंल. नाही तर नवा संच घे आन् त्यात पाटे वजनापरमानं ठेव."

"नवा संच," दिनकर म्हणाला. "आन् कडक ठेवा. वळणावर हालली नाही पाह्यजे."

"कडक किती? मागं कोण बसते?"

"सासरा. म्हणजे... होणारा."

"किती वजनाचा?"

दिनकर माझ्याकडे पाहायला लागला. मी काय सांगणार! किसनशेठ दिसायला उसाच्या कांडक्यासारखे, पण व्यापाऱ्याचं दिसणं आणि असणं एक थोडंच असतं.

"अंदाजानं सांगतो. उसासारखे बारीक हायत," दिनकर म्हणाला.

"अंदाजानं वरण करतात," मिस्त्री म्हणाला. "पाटा एक जादा झाला तं सासरा उडते. एक कमी झाला तं मोटार टेकते. तोलून आण."

आता होणाऱ्या व्याह्याला "जरा काट्यावर बसा" कोण म्हणणार? दिनकरनं डोकं धरलं. मी म्हटलं, "अरे, गूळतुला कशाले असते मंग?" आमच्याकडे जिवावरचं टळलं की माणसाच्या भारंभार गूळ देवाला बोलतात. माणूस एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात, मग तो गूळ गावात वाटायचा. शेठजींच्या डोक्यावरचं टळलंच होतं की. मारुतीनं मला माफ करावं. नवस मी बोलले तो मिस्त्रीच्या ओट्यावर, आलूबोंडा खाता खाता.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला गेलो. खामगावहून रस्ता सरळ, सपाट, बाभळींचा. दर मैलाला एक बैलगाडी मधोमध आणि तिचा धनी झोपलेला. नांदुरं म्हणजे रेल्वेचं गाव. सगळे घाईत, जायचं मात्र कोणालाच नाही.

नवसाचं ऐकून किसनशेठ फुलले. "माह्यासाठी? तुला?" लगेच शेजारच्या दुकानदारांना बोलावलं. पोती तोलायचा मोठा तराजू खाली घेतला. गूळही त्यांच्याच दुकानातला. पैसे मी मोजायचे, काटा त्यांचा, माल त्यांचा आणि पुण्यही त्यांचं.

"कोट घालून येतो, धर्माचं काम हाय," म्हणून ते आत गेले. बाहेर आले ते नवव्या महिन्यातल्या बाईसारखे एकेक पाय जपून टाकत. पारड्यात बसले. आम्ही भेल्या ठेवत गेलो, ठेवतच गेलो. पंच्याऐंशी किलोला पारडं सरळ झालं. शेजारचे दुकानदार वा वा करायला लागले. एक जण म्हणाला, "दिसत नाही हो शेठ!"

"हाडं वजनदार हायत आमच्यात," किसनशेठ म्हणाले.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. सुलोचना पाणी घालायला आली. ठेंगणी, काळीसावळी, डोळे मात्र दुकान चालवणाऱ्याचे. हळूच म्हणाली, "आजी, बाबानं कोटाखाली दोन लोखंडी मापं बांधली. दहा-दहा किलोची."

"काऊन वं?"

"गूळ जितका जास्त तितकं नाव मोठं. आन् विक्रीबी आपलीच."

मला हसूही आलं आणि घामही फुटला. मग तिला खरं सांगून टाकलं, की हा गूळ सीटवर ठेवून आम्ही पाटे बसवणार, आणि वीस किलो खोटे धरले तर तुझा बाप घाटात पुन्हा टपाला लागेल, तू जाशील अकोल्याला.

तिनं तांब्या खाली ठेवला. "कोणाले सांगू नका, आजी. मी अकोल्याले जात नाही. बाबाले त्यायनं तोललेल्या वजनानंच घाट चढू द्या."

तुम्हाला वाटेल म्हातारी लगेच हो म्हणाली. नाही. खामगावला परतताना पूर्ण वाटभर मी मनात हेच घोळवत होते. ही कालची पोर, हिच्या भरवशावर नातवाचं लग्न लावायचं की मोडायचं?

तिसरा दिवस मिस्त्रीकडे गेला. पाहण्यासारखं काम. मोटार जॅकवर उचलली, मागची चाकं काढली. जुने पाटे असे निघाले जसे म्हाताऱ्याचे दात. नव्या पाट्यांना ग्रीस लावलं, दोन्हीकडे नवे शॉकअप उभे केले. दिनकर उतावळा, पाना घेऊन बोल्ट आवळायलाच लागला. मिस्त्री खेकसला, "हवेत कसू नको बे! रबर पिळून बसते. चाकावर उतरव, वजन ठेव, मंग कस."

म्हणून मोटार खाली उतरवली आणि मागच्या सीटवर किसनशेठच्या नावाचा पंच्याऐंशी किलो गूळ रचला. शेजारी मी. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तो मानूस उसासारखा म्हन्ता आन् वजन पंच्याऐंशी?"

दिनकर पाना हातात धरून ऐकत होता. मी पदरानं गुळावरच्या माश्या हाकलल्या. शेवटी म्हटलं, "काटा त्यायचा हाय. आपण कोण खोटं म्हणनार?"

"मंग एक पाटा वाढवा लागंल," म्हणत त्यानं तो वाढवला आणि बोल्ट कसले.

चौथ्या दिवशी नांदुऱ्याहून किसनशेठला घेतलं. ते मागं माझ्या शेजारी. पुढं दिनकर आणि नव्या कामाला पाने लागले तर म्हणून मिस्त्री. गूळ खामगावातच ठेवला होता, पुढच्या खेपेला न्यायचा म्हणून. सपाटीवर ठीक. घाट लागला आणि दर खड्ड्याला शेठजी सीटवरून वीतभर वर. दिनकरच्या मानेला घाम. वळणावर मात्र मोटार तसूभर हलेना, खांबाला बांधल्यासारखी.

तिसऱ्या वळणाला शेठजी ओरडले, "अरे, पाटे कडक हायत! हे काय काम केलं?"

मिस्त्री मागं वळला. "तुमच्या तुलेच्या गुळावर बसवले, शेठ. पंच्याऐंशी किलो ठेवून."

शेठजींनी सीटची कड धरली.

"काटा खोटा असंल तं सांगा," मिस्त्री अगदी गरिबासारखा म्हणाला. "इथंच थांबतो, एक पाटा काढतो. अर्ध्या घंट्याचं काम. काटा कोण्या दुकानातला होता म्हनालात?"

या माणसाकडे खामगाव बाजारातल्या निम्म्या व्यापाऱ्यांच्या मोटारी येतात, हे शेठजींना ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. एक बकरी फार सुंदर दिसत होती.

"काटा बरोबर हाय," किसनशेठ हळू म्हणाले. पुढचा खड्डा आला, ते उडाले, खाली आले. "पाटेबी बरोबर हायत. चालू द्या."

घाट संपेपर्यंत ते दोन्ही हात टपाला टेकून बसले होते. वर पोचल्यावर टोपी सरळ करत म्हणाले, "पोरगं गाडी चांगली हाकते. वळणावर हालली नाही." दिनकर अजून समजतो की ती त्याची हुशारी.

लग्न झालं. गूळ आणून आळीत वाटला. कोणी जाणार असेल तर मिस्त्रीचा पत्ता मी सांगेन, पण वजन स्वतःचं खरं सांगा, नाही तर डोकं तुमचंच फुटेल. या प्रवासानं मला काय दिलं म्हणाल तर एक नातसून, जिला मी पूर्ण ओळखते असं म्हणायला अजून धजत नाही.

हे लिहून घेणारी तीच. मघाशी लेखणी थांबवून म्हणाली, "आजी, बाबाची मापं लिहू का गाळू?"

मी म्हटलं, "लिही. आन् झालं की मोठ्यानं वाचून दाखव, दिनकरबी ऐकू दे. मले अक्षर येत नाही, आन् तू त्याच बापाची लेक हायेस."