विटांचं टेबल

माझे वडील नाना म्हणजे हट्टी गवंडी. १९७२ साली त्यांनी स्वतः कंत्राटं घ्यायचं ठरवलं आणि भांडुपच्या आमच्या एकुलत्या एक खोलीत ऑफिस थाटलं. सुताराकडे जायचं सोडून या माणसाने टेबल चक्क विटांनी बांधलं आणि वर कडप्पा बसवला!

आई भडकली. "अहो, टेबल कुणी बांधतं का? उद्या हलवायचं कसं?" तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी मरोळहून एक कारखानदार आले. लेव्हल बघायला त्यांनी कडप्प्यावर गोल पेन्सिल ठेवली. ती जराही घरंगळली नाही. ते हसले आणि त्यांनी तिथेच नव्या शेडचा नकाशा पसरला.

आईने नकाशाच्या कडेला चहाचे कप ठेवले आणि नानांना दटावलं, "आता हे टेबल हलवायचं नाही हां!"