चार फळ्या आणि मे महिन्यातला बर्फ

“मे महिन्यात बर्फ उरतो तो फक्त खूप उंचावर, बाबा! तुम्ही ऐकत का नाही?”

“मग जॉर्जियाला जाऊ. तिथेही डोंगर आहेतच की.”

“तिथले स्कीचे उतार एप्रिलमध्येच बंद झालेत!”

“म्हणून तर मी रोहतांग म्हणतेय,” वैशाली स्वयंपाकघरातून ओरडली. “बर्फही मिळेल, आणि येताना आईकडे दोन दिवस...”

“आलं! आईचं घर आलं! रोहतांगच्या वाटेवर कोथरूड लागतं का गं?”

आता भांडण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? चहा घ्या आधी. फजितीची गोष्ट आहे, आणि माझ्या स्वतःच्या. असा योग रोज येत नाही, तेव्हा बिस्किटं बुडवत बसू नका, लक्ष द्या.

तर हे ओरडणारे सगळे माझेच. बाबा म्हणजे माझा मुलगा सुधीर, रियाधला एका बँकेत कॉम्प्युटरचं काहीतरी बघतो. वैशाली ही सून. आणि ती तावातावाने बोलणारी माझी नात मैतू. बारावी झालेली, जुलैत चेन्नईला इंजिनिअरिंगला जाणार. दहा वर्षांची होती तेव्हापासून पोरीच्या मनात एकच, बर्फावरून घसरायचं. दर वर्षी बाप म्हणायचा, पुढच्या वर्षी. आता पुढचं वर्ष चेन्नईत! तिथे बर्फ मिळतो, पण उसाच्या रसात.

बकरी ईदची सुट्टी पाच दिवसांची. युरोपच्या व्हिसाला जुलैपर्यंत तारीख नाही. जॉर्जियात बर्फ नाही. रोहतांगला बर्फ आहे, पण पाच दिवसांतले तीन विमानात आणि घाटातच जाणार. तीन दिवस आमच्या घरात हे असं चाललेलं. चौथ्या दिवशी मैतू बोलायचीच बंद झाली. नुसतं म्हणाली, “जाऊ दे. आय डोन्ट केअर.” पोरं असं म्हणाली की समजावं, आत काहीतरी मोडलंय.

मग मात्र मी कंबर कसली.

आता मी कोण, तर सिन्नरला चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. जात्याच्या दगडांना टाकी लावायला शिकले, मोटार उघडायला शिकले, आणि रियाधला आल्यावर भाजीबाजारात उभी राहून अरबीसुद्धा शिकले. पीठ नुसतं लांबून बघून गहू लोकवन की शरबती ते सांगते मी! सांगायचा मुद्दा, पांढऱ्या वस्तूच्या बाबतीत मला कुणी फसवलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक. “माझं चुकलं” हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. आमच्या ह्यांनी अडतीस वर्षं वाट पाहिली. शेवटी गेले बिचारे.

तर त्या दुपारी आमच्या बिल्डिंगच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काय सांगू! काळाभोर रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र. एक सौदी बाप्या झगा वर खोचून फावड्याने पांढरे ढीग ओढतोय. वरून पांढरं पडतंच आहे, पोरं एकमेकांना गोळे मारतायत. एक गाडी चाकं बुडेपर्यंत रुतलेली. आणि खाली लिहिलेलं, खमीस मुशैतजवळ, काल संध्याकाळी!

खमीस मुशैत! सौदीतच! ना व्हिसा, ना विमान!

मी फोन घेऊन थेट जेवणाच्या टेबलावर आपटला. “हे बघा! तुम्ही बसा जगभर शोधत. बर्फ आपल्या अंगणात पडलाय!”

सुधीरने बघितलं, वैशालीने बघितलं. दोघं गार. मैतूने मात्र कपाळाला आठी घातली. “आजी, तो भाग उंच आहे, मान्य. पण केवढा दक्षिणेला आहे! तिथे मे महिन्यात स्नो? इम्पॉसिबल आहे गं.”

“तुझ्या पुस्तकातला बर्फ पुस्तकात ठेव. हा डोळ्यांना दिसतोय तो काय, मैदा आहे?”

“तसं नाही, पण आपण कुणाला तरी विचारूया...”

“मला कुणाला विचारायची सवय नाही!”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “खरंच असेल का गं?” तिच्या डोळ्यांत असं काही लकाकलं म्हणता, की त्या क्षणी मी तिला हिमालयसुद्धा खमीसला आणून दिला असता. “आजीचा शब्द आहे,” म्हटलं. “घसरल्याशिवाय तू चेन्नईला जायची नाहीस.”

शब्द दिला. झालं! आता स्की कुठून आणायच्या? रियाधला त्या भाड्याने मिळतात का हे सुधीर शोधत बसला. मी म्हटलं, शोधायचंय काय? पुढून वाकलेली फळीच ना ती! रियाधच्या बथा बाजारात एक मुलतानी सुतार आहे. त्याला चित्र काढून दिलं. तो म्हणाला, “अम्मा, ये झूले के लिए है?” म्हटलं, “तू बनव, बेटा.” फळ्यांची टोकं गरम पाण्यात भिजवून मी स्वतः वाकवली, पायाला रबरी पट्टे लावले, खालून मेणबत्ती घासली. दोन जोड्या, चार फळ्या. अशा गुळगुळीत, की वैशालीचा हात फिरवतानाच सटकला.

शिवाय सिन्नरच्या भिशीच्या ग्रुपवर कळवून टाकलं, “आम्ही सौदीत स्की करायला निघालो.” तिकडून बावीस अंगठे आले. आता माघार कशी घेणार?

पहाटे निघालो. हजार किलोमीटर. टपावर चार फळ्या बांधलेल्या, आत लोकरीच्या टोप्या, मोजे, मफलर, आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री! दुपारी एका नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. फळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, “एश हाझा?” म्हणजे, हे काय?

सुधीर गडबडला. मी काच खाली केली आणि खणखणीत सांगितलं, “स्की! तल्ज!” तल्ज म्हणजे बर्फ.

त्याने आकाशाकडे पाहिलं. मग वाळवंटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “फेन?” कुठे?

“खमीस मुशैत!”

त्याने दुसऱ्या पोलिसाला बोलावलं. दोघांनी फळ्यांवर टिचक्या मारून बघितल्या. शेवटी पहिला छातीवर हात ठेवून अगदी अदबीने म्हणाला, “यल्ला, या खाला.” चला, मावशी.

“बघा,” मी मागे वळून म्हटलं, “मान कशी देतात!”

आता वाटतं, तो मान नव्हता. दया होती.

संध्याकाळी खमीसला पोचलो. एका कँटीनवर “चहा” अशी मराठी अक्षरं दिसली, म्हणून उतरलो. मालक श्रीवर्धनचे रफीकभाई. वीस वर्षं तिथे आहेत. गावात शिरताना मी चढवायला लावलेले आमच्या चौघांचे स्वेटर बघून घाबरून म्हणाले, “मावशी, कोण आजारी आहे काय? एवढी लोकर?”

“आजारी कशाला? बर्फात चाललोय.”

“बरफ? कुठला बरफ?”

“कुठला म्हणजे? तुमच्याच गावचा!”

“अवो, इतकी वर्षं झाली मला हितं, बरफ मी बघितला तो फ्रीजमध्ये!”

मी हसले. अडाण्याला हसावं तशी हसले हो! फोन काढला, व्हिडिओ लावला, त्यांच्या नाकासमोर धरला. रफीकभाईंनी डोळे बारीक केले. “हा तर आमचाच रस्ता. त्या वळणावर माझा टायरवाला बसतो. पण मावशी, आवाज का बंद ठेवलाय?”

आता हे तुम्हाला सांगायचं राहिलं. फोनचा आवाज मी कायम बंद ठेवते. लोक साध्या कारल्याच्या भाजीलाही बँडबाजा लावतात, मला डोकेदुखी होते.

रफीकभाईंनी बटण दाबलं.

ताड्! ताड्! ताड्! ताड्!

कसा सांगू तो आवाज! गाड्यांच्या टपांवर, दुकानाच्या पत्र्यांवर, नुसता मारा. माझ्या गिरणीच्या पत्र्यावर चाळीस उन्हाळे हाच आवाज वाजला होता. अवकाळी पाऊस आला की गिऱ्हाइकं पिठाचे डबे डोक्यावर धरून आत पळायची, आणि पोरं वाट्या घेऊन बाहेर. त्या पोरांत सुधीरही असायचा.

सुधीर माझ्याकडे बघत होता. मी बघत होते किटलीकडे.

“गारा, मावशी,” रफीकभाई अगदी हळू म्हणाले. घरात कोणी गेल्यावर बोलतात तसं. “हितं पडतात ह्या दिवसांत. दोन तास पांढरं, तिसऱ्या तासाला पाणी होऊन सगळं दरीत.”

बरं, इथे तरी मी थांबावं की नाही? छे! “खाली वितळल्या असतील,” मी म्हटलं. “वर डोंगरावर शिल्लक असणारच. थंड असतं तिथे.”

“वर काय नाय, मावशी.”

“तुम्ही आज गेला होतात?”

“आज नाय गेलो.”

“मग!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कोंबलं गाडीत. घाट चढत थेट डोंगराच्या माथ्यावर. हवा गार झाली तशी माझी मान ताठ झाली. एका वळणावर समोर अख्खी दरी पांढरीशुभ्र! मी ओरडले, “ते बघा! ते काय मग?”

“धुकं आहे, आई,” वैशाली म्हणाली.

आम्ही त्याच्यातून पलीकडे गेलोसुद्धा. पलीकडे काय? रात्रीच्या पावसाने भिजलेला हिरवागार गवताचा उतार, चार-दोन झाडं आणि कठड्यावर रांगेने बसलेली वानरं. पांढरं म्हणाल तर एक बकरी.

गाडी थांबली. आणि रियाधचं भांडण जसंच्या तसं पुन्हा सुरू झालं, फक्त आता ते तीन हजार मीटर उंचीवर होतं.

“तरी मी जॉर्जिया म्हणत होतो.”

“तिथेही गवतच होतं! रोहतांगला एव्हाना पोरगी चार वेळा घसरली असती.”

“चार वेळा आईकडे जाऊन आली असतीस तू!”

“माझ्या आईचं नाव काढायचं नाही हं!”

वानरं आळीपाळीने दोघांकडे बघत होती. आणि गंमत बघा, मला कोणी काही बोलेना! हजार किलोमीटर आणणारी मी, टपावर फळ्या माझ्या, शब्द माझा. आणि दोघं जीव खाऊन भांडतायत ते एकमेकांशी. मी वाटच बघत होते, कोणी तरी म्हणा, आई, तुझ्यामुळे झालं! म्हणजे मला दोन तडाखे देता आले असते. पण नाही. मला सगळे असं वळसा घालून जात होते, जसं फुटक्या काचेला घालतात.

मैतू कठड्यावर बसलेली. मी विणलेली लाल टोपी घालून. मी जवळ गेले तर म्हणते कशी, “इट्स ओके, आजी. तू तरी ट्राय केलंस.”

शिवी परवडली असती हो!

तेवढ्यात सुधीर तिच्यावर घसरला. “आणि तू गं? एवढा अभ्यास केला होतास उंचीचा नि बर्फाचा, मग वेळेवर अडवायला काय झालं होतं?”

पोरीने तोंड उघडलं. तिने अडवलं होतं, तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं, टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तोंड मिटलं. माझं नाव घेतलं नाही. डोळे मात्र भरले.

अडतीस वर्षं नवऱ्यापुढे मिटलेलं माझं तोंड मग त्या डोंगरावर, त्या वानरांदेखत उघडलं:

“गप्प बसा सगळे, माझं चुकलं, त्या गारा होत्या आणि पोरीने मला बजावलं होतं, आता त्या फळ्या खाली काढा, ह्या ओल्या गवतावर आधी मी पडून दाखवते, म्हणजे तरी तुम्हाला माझ्या तोंडावर हसायची हिंमत होईल!”